गुडघ्यातलं वंगण आणि पोटरीतला गोळा

दसरा-दिवाळीच्या सुमारास लातूर जिल्ह्यातल्या जळकोटच्या बाजूला पायदुखीचा हंगाम असतो. सोयाबीनची काढणी वाकून वाकून उरकलेली असते. कोजागरीला पायी तुळजापूर करून आलेल्यांच्या मांड्या भरून आलेल्या असतात. तांड्यांवरची आणि शेजारच्या मुखेड-कंधारच्या डोंगराळ गावांतली माणसं कोयता घेऊन ऊसतोडीला निघायच्या तयारीत असतात. पहाटेच्या अंधारात पोलीस भरतीची पोरं सोळाशे मीटरसाठी धावत असतात. या सगळ्यांच्या दुखण्यावर गावात मिळणारा सल्ला मात्र एकच असतो: सुई घ्या, पडून राहा, नाहीतर मशीनवर शेकून घ्या. फिजिओथेरपीच्या संशोधनाने या सल्ल्यातला बराचसा भाग तपासून पाहिला आहे. त्यातलं काही टिकलं, पण पुष्कळसं टिकलं नाही.

आपल्याकडे खेड्यातल्या दुखण्यांची शास्त्रशुद्ध मोजदाद झालेली आहे. पुणे जिल्ह्यातल्या भिगवण गावात डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये घरोघर जाऊन चार हजारांहून अधिक प्रौढांची पाहणी केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने आखलेल्या पद्धतीची ती भारतातली पहिली पाहणी होती. तिच्यात सुमारे १८ टक्के लोकांना हाडं, सांधे किंवा स्नायूंची दुखणी आढळली. ज्याची सगळ्यांना धास्ती असते तो खरा आमवात शंभरात एकालाही नव्हता. उरलेली बहुतेक दुखणी म्हणजे झिजेचा संधिवात, स्नायू-स्नायुबंधांच्या तक्रारी आणि नेमकं नाव देता न येणारी अंगदुखी. यांतल्या बऱ्याचशा दुखण्यांवर व्यायाम आणि कामाची नीट आखणी हाच उपचाराचा मोठा भाग असतो.

‘स्नायूंत आम्ल साचलं म्हणून दुखतं’

भरतीच्या पोरांना हे वाक्य पाठ असतं. जोरात पळताना स्नायूंत लॅक्टेट वाढतं हे खरं, पण थांबल्यावर तासाभरात त्याची पातळी पूर्ववत होते. दुखणं मात्र दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टोकाला पोचतं. अमेरिकेतल्या थिओडोर हफ यांनी १९०२ मध्येच या उशिरा येणाऱ्या दुखण्याचं वर्णन करून स्नायूंच्या आतल्या बारीक इजांकडे बोट दाखवलं होतं. १९८३ मध्ये एक साधा प्रयोग झाला. काही जणांना सपाटीवर पळवलं, काहींना उतारावर. सपाटीवर पळणाऱ्यांच्या रक्तात लॅक्टेट वाढलं, पण त्यांचे पाय दुखले नाहीत. उतारावरच्यांचं लॅक्टेट वाढलं नाही आणि पाय मात्र चांगलेच दुखले.

याचं कारण उतरण्यात आहे. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचं वजन रोखून धरतो, आणि अशा कामाची सवय नसेल तर त्याच्या तंतूंना बारीक इजा होतात. उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढताना दम लागतो. पण पहिल्या आठवड्यात मांड्या धरतात त्यात पुन्हा पुन्हा खाली उतरण्याचा मोठा वाटा असतो. बालाघाटाचे चढ-उतार पायी तुडवणाऱ्यांचंही तेच.

इथे एक फार उपयोगी गोष्ट सापडली आहे. असं काम एकदा थोडंसं जरी केलं तरी पुढचे काही आठवडे स्नायू त्याच कामाला कमी दुखतात. म्हणून पायी वारीला किंवा ऊसतोडीला निघण्याच्या पंधरा दिवस आधी एक-दोन दिवसांआड टेकडीचा छोटा उतार उतरणं, दहा-पंधरा सावकाश बैठका काढणं, एवढी तयारीही पहिल्या आठवड्याचा त्रास बराच कमी करते. तेल चोळण्यात काही गैर नाही, मालिशने हे दुखणं कमी होतं असं अभ्यास सांगतात. आधी किंवा नंतर स्नायू ताणून धरण्याचा फायदा मात्र अगदी नगण्य निघाला. अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २०११ च्या कोक्रेन आढाव्यात तो दुखण्याच्या मोजपट्टीवर शंभरपैकी जेमतेम एखाद-दोन गुणांचा होता.

भरतीच्या मुलामुलींसाठी आणखी एक निष्कर्ष महत्त्वाचा आहे. पंचवीस चाचण्या आणि २६ हजारांहून जास्त खेळाडू एकत्र मोजणाऱ्या २०१४ च्या विश्लेषणात ताणण्याच्या व्यायामाने दुखापती कमी झाल्या नाहीत. ताकदीच्या व्यायामाने त्या एक तृतीयांशाहूनही खाली आल्या. मैदानावर मात्र वाकून पायाची बोटं धरण्यात दहा मिनिटं जातात आणि टाचा उचलणं, एका पायावर बैठक काढणं कुणी करत नाही. नडगीच्या हाडावर बोट ठेवता येईल अशा एकाच जागी दुखत असेल, रात्रीही ठणकत असेल, तर धावणं थांबवून तपासून घ्यायला हवं, कारण तिथे हाडाला तडा गेलेला असू शकतो. आणि पैजेवर शेकडो बैठका मारल्यावर लघवी कोऱ्या चहासारखी काळपट झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. स्नायू फुटून त्यातलं द्रव्य मूत्रपिंडावर आल्याची ती खूण आहे.

‘शिरेवर शीर चढली’

रात्री झोपेत पोटरीत गोळा येतो तेव्हा कोणतीही शीर दुसऱ्या शिरेवर चढत नाही. स्नायूला आज्ञा देणारी मज्जातंतूची यंत्रणा अचानक अतिउत्तेजित होते आणि स्नायू आवळून बसतो. मॅग्नेशियमच्या गोळ्यांनी वयस्कर माणसांच्या या त्रासात फारसा फरक पडत नाही, असं २०२० चा कोक्रेन आढावा सांगतो. नेदरलँड्समध्ये २०१२ मध्ये पंचावन्नच्या पुढच्या ८० जणांवर चाचणी झाली. झोपण्यापूर्वी पोटरी आणि मांडीची मागची बाजू ताणून धरणाऱ्यांना सहा आठवड्यांनी कमी वेळा गोळा आला आणि तो कमी तीव्र होता. म्हणजे ताणाचा व्यायाम धावण्याआधी फारसा उपयोगी नाही, पण झोपण्याआधी आहे. भिंतीला हात टेकून, टाच जमिनीवर ठेवून, पोटरी दहा सेकंद ताणायची, असं तीनदा. खर्च काहीच नाही.

‘गुडघ्यातलं वंगण संपलं, आता हलवू नका’

या एका वाक्याने जितकी माणसं घरात बसवली तितकी कदाचित दुसऱ्या कशाने बसवली नसतील. झिजेच्या संधिवातात सांध्यातलं द्रव संपत नाही. त्याची प्रत बदलते, आणि अनेकदा तर ते वाढून गुडघा सुजतो. कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. सांध्यावर भार येतो आणि सुटतो तेव्हा आत-बाहेर होणाऱ्या द्रवातूनच तिला पोषण मिळतं. सांधा हलवायचाच नाही असं ठरवलं की तिची उपासमार होते आणि मांडीचा स्नायू वाळतो तो वेगळाच. एक्स-रे बघून घाबरणारेही खूप. चित्रात झीज दिसते आणि माणूस बिनदिक्कत चालतो, किंवा चित्र बरं असतं आणि पाय टाकवत नाही, हे दोन्ही नेहमी घडतं.

‘सुई’बद्दल अमेरिकेतल्या लष्करी रुग्णालयांमधून एक स्वच्छ तुलना आली आहे. गुडघ्याच्या संधिवाताच्या १५६ रुग्णांपैकी निम्म्यांना सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं आणि निम्म्यांना फिजिओथेरपी. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात वर्षअखेरीस फिजिओथेरपीच्या गटाचं दुखणं आणि हालचाल दोन्ही स्पष्टपणे बरं होतं. २०१७ मध्ये १४० जणांवर झालेल्या दुसऱ्या चाचणीत दर तीन महिन्यांनी दोन वर्षं स्टेरॉइड घेणाऱ्यांची कूर्चा, नुसतं मिठाचं पाणी टोचलेल्यांपेक्षा जास्त पातळ झाली. दुखण्यात फरक नव्हताच. वेदनाशामक गोळ्या आणि सुया वारंवार घेतल्या तर मूत्रपिंडाचं नुकसान होऊ शकतं. उन्हात, पाणी कमी पिऊन उसाच्या फडात राबणाऱ्याला हा धोका अधिक. पाचट तुडवत उभं असताना गोळी घेऊन काम ओढणाऱ्या बायामाणसांना हे कुणीतरी सांगायला हवं.

प्रामाणिकपणे हेही लिहायला हवं की व्यायाम म्हणजे रामबाण नाही. २०२४ च्या कोक्रेन आढाव्यात १३९ चाचण्या तपासल्या; व्यायामाने गुडघ्याचं दुखणं शंभरपैकी सरासरी नऊएक गुणांनी उतरलं. फायदा आहे, पण मध्यम. कुणी ‘पंधरा दिवसांत गुडघा नवा’ अशी पाटी लावली असेल तर तिच्यावर विश्वास ठेवू नये.

‘दिवसभर शेतात राबतो, आम्हाला व्यायाम कशाला?’

हा प्रश्न रास्त आहे, आणि शहरातल्या कमी हलणाऱ्या माणसांसाठी लिहिलेली पत्रकं त्याला उत्तर देत नाहीत. कामाचे कष्ट आणि व्यायाम यांत भार किती, विश्रांती किती आणि कोणता स्नायू, हे कोण ठरवतं याचा फरक असतो. खुरपणीत उकिडवं बसून बाई पाच-सहा तास एकाच कोनात गुडघा दुमडून ठेवते. बीजिंगमध्ये २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तरुणपणी रोज तीन तासांहून जास्त उकिडवं बसणाऱ्यांत म्हातारपणी गुडघ्याचा संधिवात, अर्ध्या तासापेक्षा कमी बसणाऱ्यांच्या जवळपास दुप्पट आढळला. उकिडवं बसणं वाईट नाही. तासंतास न उठता बसणं वाईट. कामावरचे कष्ट आणि मोकळ्या वेळातला व्यायाम यांचा शरीरावरचा परिणाम सारखा होत नाही, हेही डेन्मार्कच्या संशोधकांनी अनेकदा दाखवलं आहे.

म्हणून ऊसतोडीच्या किंवा खुरपणीच्या बाईला ‘रोज चाला’ असं सांगणं म्हणजे तिच्या दिवसाची कल्पनाच नसणं. तिला सांगायचं ते असं: पाऊण तासाला एकदा उठून दोन मिनिटं उभं राहायचं, दोन्ही गुडघे सरळ करायचे, सरीत उकिडवं बसण्याऐवजी कधी एक गुडघा टेकून बसायचं, मोळी जड असेल तर दोन करायच्या. मोळीचं वजन मुकादमाच्या हिशेबाशी बांधलेलं असतं, तिच्या एकटीच्या हातात नसतं, याची जाणीव सल्ला देणाऱ्याला हवी. आणि आठवड्यातून दोन-तीनदा मांडीसाठी ताकदीचा व्यायाम. कारण खुरपणीत गुडघा वाकतो खरा, पण मांडीच्या स्नायूला वाढता भार मिळत नाही.

‘साठीनंतर ताकद येत नाही’

बॉस्टनमध्ये मारिया फियाटारोन यांनी १९९० मध्ये वृद्धाश्रमातल्या दहा अशक्त माणसांना मांडीच्या ताकदीचा व्यायाम दिला. सरासरी वय ९० होतं. आठ आठवडे पुरे करणाऱ्या नऊ जणांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. उलट २००७ च्या अभ्यासात धडधाकट वृद्धांना फक्त दहा दिवस अंथरुणात ठेवलं, तर पायांतला जवळपास एक किलो स्नायू गेला. आजारपणात आजीला ‘हलू नकोस’ म्हणून प्रेमाने झोपवून ठेवणाऱ्या घरांनी हे दोन्ही आकडे ध्यानात ठेवावेत.

करायचं काय? ओट्यावर किंवा खुर्चीवर बसून, हात छातीशी धरून, सावकाश उठायचं आणि त्याहून सावकाश बसायचं. भिंत धरून टाचा उचलायच्या. पाय लांब करून गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल दाबून मांडी घट्ट करायची. शेवटच्या दोन-तीन वेळा कठीण गेल्या तर भार पुरेसा. सोपं वाटू लागलं की वाढवायचा. व्यायाम करताना थोडं दुखलं तर घाबरू नये. दहापैकी पाचपर्यंतचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पूर्वीइतकं होणारं दुखणं चालतं, असा नियम डेन्मार्कमध्ये २०१३ पासून चाललेल्या ‘ग्लॅड’ या कार्यक्रमात वापरतात. त्याहून जास्त दुखलं तर पुढच्या वेळी कमी करायचं. पाच वेळा हात न लावता उठायला पंधरा सेकंदांहून जास्त लागत असतील तर पडण्याचा धोका वाढलेला आहे असं समजावं.

‘फिजिओ म्हणजे मशीन’

पैसे देऊन करंटचा शेक मिळाला नाही तर उपचारच झाला नाही, असं पुष्कळांना वाटतं. ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने २०२२ मध्ये संधिवातासाठी विजेच्या आणि अल्ट्रासाउंडच्या उपचारांची शिफारस करू नये असं स्पष्ट सांगितलं. शेकाने तात्पुरतं बरं वाटतं, त्याला हरकत नाही. पण महिनाभर रोज तेवढंच होत असेल आणि व्यायाम एकदाही शिकवला नसेल तर विचारायला हवं. जळकोटहून उदगीर किंवा लातूरला हेलपाटे मारणाऱ्याचा एक दिवसाचा रोज बुडतो, म्हणून तर एका भेटीत व्यायाम नीट शिकून घरी करणं जास्त परवडतं. लातुरात फिजिओथेरपीचं महाविद्यालय आहे, पदवीधर तयार होतात. समोरचा माणूस राज्याच्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडे नोंदणीकृत आहे का, हे विचारण्यात संकोच नसावा.

आता ज्या दुखण्यांना चोळू नये, ती. एकाच पायाची पोटरी सुजली, गरम आणि घट्ट लागली, विशेषतः शस्त्रक्रियेनंतर, बाळंतपणानंतर किंवा लांबच्या प्रवासानंतर, तर शिरेत रक्ताची गाठ असू शकते. मालिश टाळून लगेच डॉक्टर गाठावा. पाय लुळा पडणं, लघवी-शौचावरचा ताबा जाणं, तापासह सांधा लाल होणं, यांतही वाट पाहू नये. मधुमेह असलेल्याच्या तळपायाची आग आणि बधिरता हे स्नायूंचं दुखणं नव्हे. उठता-बसता मांड्यांत जोर नसणं आणि हाडं ठणकणं यामागे ड जीवनसत्त्वाची कमतरताही असते. ती तपासून मगच गोळी घ्यावी.

आणि एक दुखणं असं आहे की त्याबाबत दोन्हीकडून चूक होते. ठरावीक अंतर चाललं की पोटरी आवळते, उभं राहिलं की काही मिनिटांत थांबतं, पुन्हा चाललं की पुन्हा. बिडी ओढणाऱ्या माणसात हे बहुधा पायाच्या रोहिणी अरुंद झाल्याने होतं. माणूस वयाचं कारण देऊन चालणं सोडतो, घरचे तेल चोळतात. थांबून नव्हे तर बसून किंवा पुढे वाकूनच बरं वाटत असेल तर दोष बहुधा कमरेच्या मणक्यात असतो. रोहिणीच्या आजारात चालणं हाच मुख्य उपचारांपैकी एक आहे: दुखू लागेपर्यंत चालायचं, दुखणं मध्यम झालं की थांबायचं, ओसरलं की पुन्हा निघायचं, असं अर्धा-पाऊण तास, आठवड्यातून तीनदा, किमान बारा आठवडे. सुरुवात डॉक्टरांनी पावलावरची आणि घोट्याच्या आतल्या बाजूची नाडी तपासल्यावर करायची. बिडी त्याच दिवशी बंद करावी लागते. तरुणांना होणाऱ्या बर्जरच्या आजारात ती चालू राहिली तर आधी बोटं आणि मग पाय कापायची वेळ येऊ शकते.