भेट ते नोंदणी : संकेतस्थळावरील अखेरचे पाऊल

शासनाची एखादी सेवा संकेतस्थळावर उपलब्ध झाली म्हणजे ती नागरिकांपर्यंत पोहोचली, असा समज सर्वत्र रूढ आहे. तो अर्धाच खरा आहे. संकेतस्थळ उघडणारा प्रत्येक जण अर्ज पूर्ण करतोच असे नाही. कोणी पहिल्याच पानावरून परत फिरतो, कोणी कागदपत्रांच्या मागणीपाशी अडतो, तर कोणी शुल्क भरण्याच्या टप्प्यापर्यंत येऊन माघार घेतो. आलेल्या शंभर जणांपैकी किती जणांनी काम तडीस नेले, हे दाखविणाऱ्या आकड्यास व्यापारी जगात ‘कन्व्हर्जन रेट’ म्हणतात. आपण त्यास पूर्तीचे प्रमाण म्हणू. दुकानदाराला या प्रमाणावरून विक्री कळते. शासनाला मात्र हक्काची सेवा किती नागरिकांच्या पदरात पडली, हे कळते.

ब्रिटनमधील प्रयोग

हे प्रमाण कसे वाढविता येते, याचे एक उद्बोधक उदाहरण ब्रिटनमध्ये घडले. तेथे वाहनकर ऑनलाइन भरल्यानंतर नागरिकास आभाराचे एक पान दिसत असे. त्याच पानावरून अवयवदात्यांच्या नोंदवहीत नाव नोंदविण्याचे आवाहन केले जाई. अवयवदानास मनातून अनुकूल असणारे पुष्कळ. पण प्रत्यक्ष नाव नोंदविणारे थोडे, अशी स्थिती होती. अवयवांच्या प्रतीक्षेत रुग्ण मृत्युमुखी पडत होते.

या आवाहनाचे आठ नमुने तयार करण्यात आले. पानावर येणाऱ्या प्रत्येकास त्यांपैकी एक नमुना कोणतीही निवड न करता दाखविण्यात आला. दहा लाखांहून अधिक लोक या चाचणीत आले. २०१३ मध्ये तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. साध्या आवाहनाने हजारी सुमारे २३ जणांनी नोंदणी केली होती. ‘तुम्हांला अवयवाची गरज भासली, तर तुम्ही तो स्वीकाराल का? तसे असल्यास इतरांनाही साहाय्य करा’ अशा आशयाचा मजकूर सर्वांत प्रभावी ठरला. त्याने हे प्रमाण हजारी ३० च्या वर नेले. फरक दिसण्यात लहान; परंतु हा मजकूर वर्षभर ठेवल्यास सुमारे ९६,००० नोंदण्या अधिक होतील, असा अंदाज बांधण्यात आला. त्यासाठी नवे कार्यालय उघडावे लागणार नव्हते की जाहिरातीवर खर्च करावा लागणार नव्हता. बदलायची होती ती दोन वाक्ये.

प्रयोगाचा बोध

या चाचणीतील एक निष्कर्ष विशेष विचार करण्याजोगा आहे. एका नमुन्यात हसऱ्या माणसांच्या समूहाचे छायाचित्र घातले होते. चित्रामुळे पान आकर्षक होऊन प्रतिसाद वाढेल, असे कोणासही वाटले असते. प्रत्यक्षात त्या पानाचा प्रतिसाद साध्या आवाहनापेक्षाही कमी भरला. अनुभवी अधिकाऱ्याचा अंदाजसुद्धा चुकू शकतो. म्हणून बदल करण्यापूर्वी तो तपासून पाहणे अगत्याचे आहे.

तपासणीची पद्धतही ध्यानात घेतली पाहिजे. सर्व नमुने एकाच काळात दाखविले गेले. गेल्या महिन्याची जुन्या पानाशी आणि या महिन्याची नव्या पानाशी तुलना केली, तर शाळाप्रवेशाचा हंगाम किंवा अर्जाची अखेरची तारीख यांमुळे पडलेला फरक नव्या पानाच्या खाती जमा होतो. शिवाय शेपन्नास अर्जांवरून काढलेला निष्कर्ष योगायोगाचाही असू शकतो.

आपल्याकडे काय करता येईल?

महाराष्ट्रात २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने अधिसूचित सेवा विहित मुदतीत मिळण्याचा अधिकार नागरिकांस दिला आहे, आणि ‘आपले सरकार’ संकेतस्थळावरून अर्ज करण्याची सोयही आहे. मात्र मुदत मोजली जाते ती अर्ज दाखल झाल्यापासून. अर्धवट सोडलेला अर्ज कोणत्याच नोंदवहीत प्रलंबित म्हणून दिसत नाही. म्हणूनच तो का सुटला, याचा शोध मुद्दाम घ्यावा लागतो.

प्रथम प्रत्येक टप्प्यावर किती जण आले व किती पुढे गेले, याची मोजदाद करावी. जेथे गळती अधिक, तेथेच दुरुस्ती आधी. लागणारी कागदपत्रे, शुल्क व लागणारा वेळ आरंभीच सांगावा. ज्या माहितीवाचून निर्णय अडत नाही, ती विचारू नये. भरलेली माहिती जतन व्हावी, म्हणजे वीज अथवा जोडणी खंडित झाल्यास पुन्हा आरंभ करावा लागणार नाही. चूक झाल्यास ‘अवैध नोंद’ एवढेच न सांगता काय चुकले व कसे सुधारावे, हे सोप्या मराठीत सांगावे. पान लहान मोबाइलवर नीट वाचता यावे.

याहून सोपा उपाय म्हणजे गावातील चारपाच व्यक्तींना शेजारी बसवून अर्ज भरावयास सांगणे व आपण केवळ पाहत राहणे. ग्रामपंचायत सदस्य व शिक्षक हे काम सहज करू शकतील. कोठे हात थबकतो, हे अशा एका दुपारी कळून येते.

एक सावधगिरी

प्रमाण वाढविण्याच्या भरात नागरिकाची दिशाभूल होता कामा नये. खोटी घाई निर्माण करणे, नकळत जादा रक्कम जोडणे, अशा फसव्या मांडणीस आळा घालण्यासाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये मार्गदर्शक सूचना काढून तेरा प्रकार नमूद केले. तसेच केवळ प्रमाण पाहूनही भागत नाही. अडचणीतला माणूस संकेतस्थळापर्यंत आलाच नाही, तर उरलेल्यांतील प्रमाण उत्तम दिसते. सेवा मात्र त्याच्यापासून दूरच राहते. म्हणून प्रमाणाबरोबर पूर्ण झालेल्या अर्जांची संख्या, आणि ते कोणत्या गावांतून व कोणत्या स्तरांतून आले, हेही तपासावे. ज्या गावातून एकही अर्ज आला नाही, त्या गावाची चौकशी सर्वांत आधी व्हावी.