आनुवंशिकतेचे अध्यापन व अध्ययन उद्दिष्टे : चंद्रपूर-गडचिरोलीतील माध्यमिक शाळांच्या संदर्भात

माध्यमिक स्तरावरील विज्ञान अध्यापनाची उद्दिष्टे ज्ञान, आकलन, उपयोजन व कौशल्य या शीर्षकांखाली मांडण्याची पद्धत रूढ आहे. शालेय ज्ञान शाळेबाहेरील जीवनाशी जोडावे, हे तत्त्व राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा 2005 ने अग्रस्थानी ठेवले. चंद्रपूर व 1982 साली त्यातून वेगळा झालेला गडचिरोली या वनव्याप्त जिल्ह्यांत या तत्त्वाची कसोटी पाहावयाची, तर इयत्ता नववीचे 'आनुवंशिकता व परिवर्तन' हे प्रकरण विशेष उपयुक्त ठरते. त्यात सिकलसेल अर्थात दात्रपेशी पांडुरोगाचा समावेश आहे आणि येथील आदिवासी व अन्य काही समाजांत हा आजार प्रत्यक्ष आढळतो.

2017 साली आलेल्या राज्य मंडळाच्या पाठ्यपुस्तकातील 18 प्रकरणांत या प्रकरणाचा क्रमांक सोळावा आहे. साहजिकच ते वर्षअखेरीच्या घाईत सापडते आणि व्याख्या व लक्षणे पाठ करण्यावर भागते. त्याहून मोठी अडचण अभ्यासक्रमाच्या रचनेतच आहे. आनुवंशिकतेचे गुणोत्तर समजण्यासाठी संभाव्यतेची कल्पना लागते. मात्र गणितात संभाव्यता येते ती दहावीत. म्हणजे विज्ञान शिक्षकाने ही कल्पना स्वतःच, आणि ज्यांची घरची भाषा माडिया वा गोंडी आहे अशा विद्यार्थ्यांना मराठीतून, द्यावयाची असते.

हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आल्याने ऑक्सिजन कमी पडताच तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात. एक सदोष जनुक असलेली व्यक्ती (एएस) वाहक असून सहसा निरोगी असते. दोन्ही जनुके सदोष असल्यास (एसएस) आजार होतो. आईवडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्य एसएस असण्याची शक्यता 25 टक्के, वाहक असण्याची 50 टक्के असते. येथे 'प्रत्येक' हा शब्द निर्णायक आहे. चारपैकी एक आजारी म्हणजे पहिले मूल आजारी निघाल्यावर पुढची तीन सुरक्षित, असा समज सहज होतो आणि त्यावर कुटुंबाचे निर्णय बेतले जाऊ शकतात.

यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. दोन पिशव्यांत प्रत्येकी दोन चिंचोके घ्यावेत, त्यांपैकी एकावर चुन्याची खूण करावी. दोन्हींतून एकेक काढून नोंद करावी व ते परत टाकावेत. शंभरेक नोंदी झाल्या की 1:2:1 हे गुणोत्तर दिसू लागते. लागोपाठ दोनदा खुणेची जोडी आली की वर्गात जी चर्चा होते, ती फळ्यावरील तक्त्याने होत नाही. दोष आईचा की वडिलांचा, हा प्रश्नही येथे निकाली निघतो; खुणेची जोडी दोन्ही पिशव्यांशिवाय जमतच नाही.

वाहकांना तीव्र मलेरियापासून काही प्रमाणात संरक्षण मिळते. राज्यातील मलेरियाचा सर्वाधिक भार वाहणाऱ्या गडचिरोलीत नैसर्गिक निवडीचे याहून जवळचे उदाहरण शोधण्याची गरज नाही. दहावीतील उत्क्रांतीच्या प्रकरणाशी त्याची सांगड घालता येते.

एक पथ्य मात्र काटेकोर पाळावे लागते : कोणत्याही विद्यार्थ्याची वा त्याच्या कुटुंबाची तपासणीची माहिती वर्गात विचारू नये. वाहक म्हणजे रोगी नव्हे, हे स्पष्ट न झाल्यास मुलींच्या विवाहप्रसंगी अर्धवट ज्ञान अपायकारक ठरते. प्राथमिक विद्राव्यता चाचणी वाहक व रुग्ण यांत भेद करत नाही, त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिससारखी तपासणी लागते, हेही येथेच सांगावे.

मूल्यमापनात 'सिकलसेल म्हणजे काय?' याऐवजी 'वाहक दांपत्याचे पहिले मूल एसएस आहे. दुसरे एसएस असण्याची शक्यता किती व का?' असा प्रश्न ठेवल्यास उपयोजनाचे उद्दिष्ट कितपत साध्य झाले, ते उत्तरपत्रिकेतच दिसते.