शब्द नजरेच्या वाटेने येतो

"अडीच वर्षांचं झालं, तरी बोलत नाही," असं कुणी म्हटलं, की शेजारपाजारच्या बायका धीर देतात, "बोलेल गं, याचा बापही उशिराच बोलला." कधी ते खरंही ठरतं. पण लेकरू बोलत नसलं, तर ते बघतं कुठे, याकडेही आईचं लक्ष हवं.

नऊ महिन्यांपासून वर्षापर्यंत बाळ आपल्या नजरेमागे नजर न्यायला शिकतं. आपण अंगणातल्या चिमणीकडे बघून "चिऊ" म्हणतो. बाळ आधी आपल्याकडे बघतं, मग चिमणीकडे, आणि शब्द चिमणीशी जोडला जातो. पुढे तेच बोट करून आपल्याला चांदोबा दाखवतं.

स्वमग्न मुलाचं बरेचदा इथेच अडतं. आपण "वाटी" म्हणतो, तेव्हा त्याचे डोळे फिरत्या पंख्यावर खिळलेले असतात. सायमन बॅरन-कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1997 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हेच दिसलं. बोलणारा कुठे बघतोय हे न पाहता, बऱ्याच स्वमग्न मुलांनी नवा शब्द स्वतः बघत असलेल्या वस्तूला लावला. शब्द कानावर पडतो, पण भलत्याच वस्तूला जाऊन बसतो!

मग घरी काय करावं? हनुवटी धरून "इकडे बघ" म्हणू नका. ते जिथे बघतंय, त्याच वस्तूचं नाव घ्या. त्याच्यासमोर, त्याच्या उंचीला बसा. "पंखा. पंखा फिरला." एवढंच बोला आणि थोडं थांबा. त्याला उत्तराला वेळ लागतो.

मुळीच न बोलणाऱ्या मुलासाठी पाणी, पोळी, चेंडू यांची चित्रं पुठ्ठ्यावर चिकटवा. त्याने चित्र हातात दिलं, की नाव घेऊन ती वस्तू लगेच द्या. चित्रं देऊन मागायची अशी पद्धत अमेरिकेत अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी 1985 साली तयार केली. चित्रांची सवय लागली तर मूल बोलणारच नाही, ही भीती मात्र नको.

वर्षाचं होऊनही बाळ हाकेला वळत नसेल, दीड वर्षाला बोट दाखवत नसेल, किंवा आलेले शब्द गेले असतील, तर वाट बघू नका. आधी कान तपासून घ्या, मग बालरोगतज्ज्ञांना दाखवा. आमच्या फुलसावंगीसारख्या गावातून यवतमाळ गाठायचं, म्हणजे दिवसाची मजुरी बुडते. म्हणून अंगणवाडीत तपासणीचं पथक येईल, तेव्हा ही लक्षणं त्यांना नक्की सांगा. 2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ही तपासणी वर्षातून दोनदा व्हायची असते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातही स्वमग्नतेचा समावेश आहे.

आणि एक सांगते. आईची माया कमी पडली म्हणून मूल असं झालं, असं एके काळी मोठमोठे डॉक्टरही म्हणत. बर्नार्ड रिमलँड यांनी 1964 सालीच ते खोडून काढलं. स्वमग्नता मेंदूच्या जडणघडणीतून येते. तेव्हा घरात कुणी सुनेला बोल लावत असेल, तर त्यांना हे जरूर वाचून दाखवा. रडण्यात जाणारा तो वेळ लेकरासोबत पंखा बघण्यात गेलेला बरा.