दुप्पट गरम म्हणजे किती?

समजा, मे महिन्यातल्या एका दिवशी नागपुरात पारा ४६ अंश सेल्सिअसवर आहे आणि महाबळेश्वरात २३ वर. ‘नागपूर महाबळेश्वरच्या दुप्पट तापलं’ असं कुणी म्हटलं तर आपल्याला त्यात काही खटकणार नाही. खटकायला हवं. दोन्ही आकड्यांत २७३.१५ मिळवून पाहा. नागपूर ३१९.१५ केल्विन, महाबळेश्वर २९६.१५ केल्विन. नागपूर जास्त तापलंय ते जेमतेम पावणेआठ टक्क्यांनी.

महाबळेश्वर खरोखरच दुप्पट तापायचं ठरलं तर? २९६.१५ ची दुप्पट ५९२.३ केल्विन, म्हणजे ३१९.१५ अंश सेल्सिअस. शिसं वितळतं ३२७.५ अंशांना. (३१९.१५ हा आकडा दोनदा आला, तो योगायोग नव्हे. सेल्सिअसचा आकडा दुप्पट करून केल्विनमध्ये न्या किंवा केल्विनचा दुप्पट करून सेल्सिअसमध्ये आणा, उत्तराचा आकडा तोच येतो. कागदावर करून बघा, मजा येते.)

गफलत होते ती शून्यामुळे. स्वीडनच्या अँडर्स सेल्सिअसने १७४२ मध्ये आपली मोजपट्टी पाण्यावर बेतली. मूळ पट्टीत तर पाणी उकळतं तिथे ० आणि गोठतं तिथे १०० होते. ती उलटी झाली नंतर. शून्य कुठेही ठेवा, ते पाण्याच्या सोयीचं. त्या शून्यापाशी उष्णता संपत नाही. ती कुठे संपते, याचा सुगावा वायूंनी दिला. दाब कायम ठेवून वायू थंड करत गेलं, की दर अंशाला तो शून्य अंशावरच्या आकारमानाच्या सुमारे २७३व्या हिश्शाने आक्रसतो. आलेखावरची ही रेघ तशीच खाली ओढली, तर उणे २७३ च्या आसपास आकारमान शून्य होतं. खरा वायू त्याआधीच द्रव होतो, पण रेघेचा इशारा चुकीचा नव्हता. ग्लासगोतल्या विल्यम थॉमसनने, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्विनने, १८४८ मध्ये वयाच्या चोविसाव्या वर्षी निरपेक्ष मोजपट्टीची कल्पना मांडली. आज त्या तळाचा आकडा उणे २७३.१५ धरला जातो आणि केल्विनचं शून्य तिथे आहे.

या पट्टीवरून पृथ्वी पाहिली की आपले विक्रम फार किरकोळ वाटू लागतात. अंटार्क्टिकातल्या व्होस्टोक केंद्रावर २१ जुलै १९८३ रोजी उणे ८९.२ अंश नोंदले गेले. अमेरिकेतल्या डेथ व्हॅलीत १० जुलै १९१३ रोजी ५६.७. केल्विनमध्ये १८३.९५ आणि ३२९.८५. गोठून मरण्यापासून होरपळून मरण्यापर्यंतचा हवामानाचा सगळा पसारा पावणेदोन पटींच्या थोडा पुढे जाऊन संपतो.

खाली उतरायला मात्र फार जागा आहे. कृत्रिम रेतनासाठी गोठ्यावर येणाऱ्या माणसाच्या मोटारसायकलला जो द्रव नायट्रोजनचा कॅन बांधलेला असतो, त्यात सुमारे ७७ केल्विन असतात, उणे १९६ अंश. तालुक्याच्या गावीही आता एमआरआय यंत्रं आहेत. त्यातल्या बहुतेकांचं चुंबक द्रव हेलियममध्ये ४.२ केल्विनला बुडालेलं असतं. ताऱ्यांमधल्या मोकळ्या अवकाशात भरून राहिलेलं प्रारणही २.७२५ केल्विनचं. म्हणजे रुग्ण ज्या यंत्रात शिरतो त्याच्या पोटातली थंडी जवळजवळ अवकाशाइतकी. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बिस्मथ हा धातू अतिवाहक होताना दिसला तो ०.०००५३ केल्विनला. आणि २०२१ मध्ये जर्मनीतल्या ब्रेमेनच्या पतनमनोऱ्यात रुबिडियमच्या अणूंचा ढग ३८ पिकोकेल्विनपर्यंत पोचला. सेल्सिअसमध्ये हा आकडा असा लिहावा लागतो: उणे २७३.१४९९९९९९९९६२. खोलीच्या तापमानाला सेकंदाला सुमारे २९० मीटर धावणारे हे अणू तिथे सेकंदाला मिलिमीटरचा जेमतेम दहावा हिस्सा सरकतात.

आता वरची बाजू. सूर्याच्या गाभ्यात सुमारे दीड कोटी केल्विन. हा आकडा सेल्सिअसमध्ये न्यायचा तर २७३ वजा करायला हवेत, पण दीड कोटीच्या फ्लॅटच्या व्यवहारात २७३ रुपयांवरून कोण अडून बसतं? जिनिव्हाजवळच्या एलएचसी यंत्रात शिशाच्या अणुकेंद्रांच्या टकरीतून साधारण साडेपाच लाख कोटी केल्विन तापमान मिळालं. आणि ती केंद्रकं वळवणारी चुंबकं त्याच २७ किलोमीटरच्या बोगद्यात १.९ केल्विनला ठेवलेली असतात!

खोलीचं तापमान ३०० केल्विन धरा. एलएचसीची टक्कर त्याच्या सुमारे १,८०० कोटी पट. ब्रेमेनचा ढग मात्र त्याच्या सुमारे आठ लाख कोटी भागांपैकी एक भाग. पटींत मोजलं तर माणूस आगीच्या दिशेने जितका गेला, त्याच्या चारशेहून अधिक पट तो थंडीच्या दिशेने गेला आहे. सेल्सिअसच्या पट्टीवर हे कधीच दिसत नाही, कारण तिथे एमआरआय, मुंबई आणि ब्रेमेन हे सगळे शेवटच्या पाच अंशांत कोंबलेले असतात. माझ्या मते केल्विनची खरी कमाई हीच. आणि शून्य? तिथवर अजून कुणी पोचलेलं नाही. ऊष्मागतिकीचा तिसरा नियम म्हणतो की मोजक्या पायऱ्यांत तिथे पोचताच येत नाही.

हे सगळं प्रयोगशाळेपुरतं नाही. सकाळी २७ अंशांना गाडीच्या टायरमध्ये ३३ पीएसआय हवा भरली आणि दुपारी डांबरी रस्त्यावर आतली हवा ५७ अंशांवर गेली. सेल्सिअसचा आकडा दुपटीच्या पुढे गेला, पण टायर काही फुटत नाही. केल्विनमध्ये ३००.१५ चे ३३०.१५ झाले, दहा टक्के वाढ. त्यातही गंमत अशी की गेजचं शून्यही खरं शून्य नव्हे. बाहेरच्या हवेचे १४.७ त्यात आधी मिळवायचे, मग दहा टक्के वाढवायचे आणि १४.७ पुन्हा काढायचे. गेजवर सुमारे ३८ दिसेल.

तेव्हा अकरावी-बारावीच्या मुलांनो, वायूच्या गणितात भागाकार किंवा गुणोत्तर आलं की आधी २७३.१५ मिळवा. नुसता तापमानातला फरक विचारला असेल तर काहीही मिळवू नका. ३० अंश सेल्सिअसचा फरक म्हणजे ३० केल्विनचाच फरक.