वाऊची तिरकी धावपट्टी

न्यू गिनीतल्या 1942-43 च्या लढाईवर लिहायचं तर मॅकार्थर, कोकोडाची पायवाट, बिस्मार्क समुद्रात बुडालेली जपानी जहाजं असा मजकूर आपसूक जमतो. माझं लक्ष मात्र वाऊच्या धावपट्टीवर अडलं. गवताळ, जेमतेम साडेनऊशे मीटर लांब आणि दर दहा मीटरला सुमारे एक मीटर चढणारी. वरच्या टोकाला कैंडी डोंगर. विमानाने ईशान्येकडूनच यायचं, चढावर उतरायचं, वर वळायचं आणि उताराने खाली धावत उडायचं. उतरणं चुकलं तर पुन्हा घिरटी घालायला समोर जागाच नाही.

एवढ्या अडचणीच्या जागी धावपट्टी बांधली ती सोन्यापायी. 1926 मध्ये जवळच एडी क्रीकला सोनं सापडलं आणि माणसांची झुंबड उडाली. समुद्रकाठाहून चालत यायला कित्येक दिवस लागत, विमानाला तासही लागत नसे. पुढे शेजारच्या बुलोलोमध्ये सोनं उपसणारे अजस्र ड्रेजर सुटे करून, तुकड्यातुकड्याने, युंकर्स विमानांनी नेले. रस्ता नव्हताच. चाकाची गाडी बघण्याआधी विमान बघितलेली माणसं त्या खोऱ्यात असणार.

जानेवारी 1943 मध्ये मेजर जनरल ओकाबे यांची जपानी तुकडी किनाऱ्यावरच्या लाएहून निघाली आणि मुबोमार्गे डोंगर चढून, जुन्या विसरल्या गेलेल्या वाटेने थेट वाऊवर आली. ही पट्टी तिला हवी होती. रक्षणाला मूठभर ऑस्ट्रेलियन. त्यांची सतरावी ब्रिगेड विमानाने आणायला सुरुवात झाली होती, पण वाटेत ओवेन स्टॅन्ली पर्वतरांग, आणि तिच्यावर ढग. पोर्ट मोर्सबीहून अंतर अवघं अडीचशे किलोमीटर, तरी रांगेतली खिंड ढगांनी मिटलेली दिसली की डकोटा विमानं भरल्या पोटी परत फिरत.

28 तारखेला वाऊजवळच्या वांडुमीच्या सोंडेवर कॅप्टन शेरलॉक यांची एकच कंपनी आपल्या कितीतरी पट मोठ्या फौजेला दिवसभर आडवी राहिली. दुसऱ्या दिवशी शेरलॉक मारले गेले. त्याच दिवशी ढग उघडले आणि 57 खेपा उतरल्या. पट्टीच्या कडेपर्यंत गोळ्या येत होत्या. जवान दारातून उडी मारून सरळ मोर्च्याकडे धावत. पुढच्या दिवशी दोन पंचवीस पौंडी तोफा सुट्या होऊन आल्या, तिथेच जोडल्या गेल्या आणि दुपारच्या आत आग ओकू लागल्या. अशीच पुढे ऑक्टोबर 1947 मध्ये श्रीनगरला शीख पलटण याच डकोटा जातीच्या विमानांनी उतरली. ती हकीकत आपल्याला पाठ असते, वाऊची नसते.

मला कौतुक आहे ते वाऊच्या पट्टीच्या उताराचं. भरलेलं विमान चढावर आपोआप मंदावतं, रिकामं उताराने झटकन वेग घेतं. पट्टी तोकडी असून भागतं ते यामुळेच. पण वैमानिकाला एकच संधी, हा त्या सोयीचा मोबदला.

आणि हे सगळं हवामानाच्या मर्जीवर. जंगलातून सकाळी धुकं वर चढतं, दुपारी वादळ. आभाळ मिटलं की पलटणीचं पोट मिटलं. जमिनीवरून पुरवठा करायचा तर पाठीवर ओझं वाहणारे स्थानिक हमालच, आणि वाट लांबली की हमाल स्वतःच्या ओझ्यातलाच शिधा खातो. पुढे पोचतं थोडंच. त्यात चिखल आणि मलेरिया. ओकाबेंच्या सैनिकांनी मोजकाच शिधा आणला होता, बाकीचा वाऊच्या कोठारातून घेऊ या हिशेबाने. कोठार हाती लागलं नाही आणि माघारीची वाट उपाशीपोटी तुडवावी लागली. 6 फेब्रुवारीला जपानी विमानांनी पट्टीवर हल्ला चढवला, तरी ती चालूच राहिली.

ढगांचा भरवसा नको म्हणून ऑस्ट्रेलियन इंजिनिअरांनी बुलडॉग नावाच्या ठाण्याहून वाऊपर्यंत शंभराहून अधिक किलोमीटरचा रस्ता खणायला घेतला. दलदल, कडे, तीन हजार मीटरच्या आसपासची खिंड, आणि पुन्हा तेच हमाल. रस्ता पुरता झाला तेव्हा 1943 चा सप्टेंबर सरत आला होता. तोवर 16 सप्टेंबरला लाए पडलं, आघाडी पुढे सरकली आणि रस्त्याची गरजच उरली नाही. दरडींनी तो लवकरच परत घेतला.