गोठलेला खांदा : ॲक्युपंक्चर व भौतिकोपचार यांचा समन्वय (पेण व रोहा परिसराच्या संदर्भात)

प्रस्तावना

पेण व रोहा या तालुक्यांतील बहुसंख्य कुटुंबांची उपजीविका हाताच्या श्रमावर अवलंबून आहे. पेण, हमरापूर, जोहे येथील गणेशमूर्तींच्या कारखान्यांत रंगकाम व आखणी करताना हात तासन्‌तास उचलून धरावा लागतो. रोह्याकडे भातशेती आणि धाटाव येथील औद्योगिक वसाहत आहे. अशा ठिकाणी खांदा आखडणे म्हणजे रोजगार थांबणे होय. मूर्तिकाराचा हात ज्येष्ठ-आषाढात अडला, तर त्याचे वर्षाचे उत्पन्न बुडते. प्रस्तुत लेखात या विकाराचे स्वरूप आणि त्यावरील दोन उपचारपद्धतींचा परस्परसंबंध स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

विकाराचे स्वरूप

फ्रेंच शल्यविशारद द्युप्ले यांनी १८७२ मध्ये या विकाराचे वर्णन केले. ‘फ्रोझन शोल्डर’ ही संज्ञा अमेरिकेतील कॉडमन यांनी १९३४ मध्ये रूढ केली. आयुर्वेदातील ‘अवबाहुक’ हे वर्णन त्याच्याशी बरेच जुळते. खांद्याच्या सांध्याभोवतीचे लवचीक आवरण प्रथम सुजते, नंतर जाड होऊन आकसते. चाळीस ते साठ या वयोगटात, त्यातही स्त्रियांमध्ये, हे प्रमाण अधिक आढळते.

अतिश्रमाने खांदा आखडतो अशी सार्वत्रिक समजूत आहे. ती पूर्णतः खरी नाही. बहुतांश रुग्णांत निश्चित कारण सापडत नाही. ज्याच्याशी संबंध सर्वांत ठळक दिसतो तो मधुमेह होय. सर्वसाधारण लोकसंख्येत हा विकार दोन ते पाच टक्के, तर मधुमेहींमध्ये दहा ते वीस टक्के किंवा त्याहूनही अधिक आढळतो. म्हणून खांदा आखडलेल्या रुग्णाची रक्तशर्करा तपासणे हा उपचाराचाच भाग मानावयास हवा. ‘कामाने दुखतोय’ असे म्हणून मलम चोळीत राहिलेल्या रुग्णाचा मधुमेह मात्र वर्षानुवर्षे तसाच राहू शकतो.

निदानाची एक साधी खूण आहे. कोपर बरगडीला टेकवून हात बाहेरच्या बाजूस वळविता येत नाही आणि दुसऱ्याने वळवून पाहिला तरी तो अडतो. स्नायुबंध फाटला असल्यास रुग्णाला हात स्वतः उचलता येत नाही, पण दुसऱ्याने उचलल्यास तो बहुधा वर जातो. क्ष-किरण चित्र बहुधा निर्दोष असते. ते अन्य विकार वगळण्यासाठी घ्यावयाचे.

विकाराचे तीन टप्पे मानले जातात : वेदनेचा, ताठरतेचा आणि हळूहळू सैल होण्याचा. एकूण कालावधी एक ते तीन वर्षांचा असू शकतो. रात्री त्या कुशीवर झोपता न येणे ही पहिल्या टप्प्यातील नेहमीची तक्रार होय.

भौतिकोपचार

येथे टप्प्याचे भान सर्वांत महत्त्वाचे ठरते. वेदनेच्या टप्प्यात पुढे वाकून हात लंबकाप्रमाणे सैल झुलविणे, सोसेल इतपतच हालचाल करणे आणि शेक घेणे एवढेच अपेक्षित असते. मधुमेहींची संवेदना कमी झालेली असू शकते, त्यामुळे शेकाने भाजण्याचा धोका असतो. ताठरतेच्या टप्प्यात भिंतीवर बोटे चढविणे, पाठीमागे टॉवेल धरून ताणणे, कप्पीवरील दोरीचा व्यायाम आणि उपचारकाने सांधा हळुवार सरकविणे यांचा क्रम येतो.

नेदरलँड्समधील एका अभ्यासात (२००४) ७७ रुग्णांची दोन वर्षे पाहणी झाली. वेदनेच्या मर्यादेत सौम्य व्यायाम करणाऱ्यांपैकी ८९ टक्के रुग्णांचा खांदा जवळजवळ पूर्ववत झाला. वेदना ओलांडून जोरकस ताण दिलेल्या गटात हेच प्रमाण ६३ टक्के होते. खांदा ‘मोकळा’ करण्यासाठी हात हिसडणाऱ्या मालिशवाल्यांकडे जाणाऱ्यांनी हे आकडे लक्षात घ्यावेत.

ॲक्युपंक्चरचे स्थान

ही पद्धती महाराष्ट्राला सर्वस्वी परकी नाही. १९३८ साली चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते; त्याच पथकातील डॉ. बिजयकुमार बसू यांनी पुढे १९५० च्या दशकाच्या अखेरीस ही विद्या चीनमध्ये शिकून कोलकात्यात आणली. महाराष्ट्राने ॲक्युपंक्चरसाठी २०१५ चा स्वतंत्र अधिनियम केला. तेव्हा उपचारक नोंदणीकृत आहे काय, हे विचारणे हा रुग्णाचा हक्क आहे.

खांद्याच्या टोकाजवळील तसेच गुडघ्याखालील काही बिंदूंवर सुया टोचल्या जातात. पायातील सुई जागेवर असतानाच रुग्णाला खांदा हलविण्यास सांगण्याचीही पद्धत आहे. मज्जारज्जू व मेंदूच्या पातळीवर वेदनाशमन करणारी द्रव्ये स्रवतात, असे त्याचे आधुनिक स्पष्टीकरण दिले जाते. मात्र आकसलेले आवरण सुईने सुटत नाही.

हाँगकाँगमधील २००१ च्या चाचणीत ३५ रुग्णांपैकी केवळ व्यायाम करणाऱ्यांच्या गुणांकात सहा आठवड्यांत ३९.८ टक्के, तर व्यायामासह ॲक्युपंक्चर घेणाऱ्यांत ७६.४ टक्के सुधारणा नोंदली गेली; वीस आठवड्यांनीही हे अंतर टिकून होते. परंतु रुग्णसंख्या लहान होती. २००५ च्या कॉक्रेन आढाव्यानेही खांदेदुखीबाबतचा पुरावा अपुराच ठरविला. म्हणून ॲक्युपंक्चर हा व्यायामाला पर्याय नसून, वेदना उतरवून व्यायाम शक्य करणारा पूरक उपाय समजणे सयुक्तिक ठरते. सुया निर्जंतुक व एकदाच वापरावयाच्या असाव्यात. रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास ते आधी सांगावे. खांद्याच्या फऱ्यालगत खोल गेलेली सुई फुप्फुसाच्या आवरणास इजा करू शकते.

स्थानिक विचार

वेदना तीव्र असल्यास सांध्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन हा मान्य उपाय आहे. मधुमेहींमध्ये त्यामुळे काही दिवस रक्तशर्करा वाढते. ब्रिटनमध्ये ३५ रुग्णालयांतील ५०३ रुग्णांवरील चाचणीत (२०२०) इंजेक्शनसह भौतिकोपचार, भूल देऊन सांधा हलविणे आणि दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया या तिन्हींत वर्षअखेरीस निर्णायक सरस असे काहीच ठरले नाही. पनवेल किंवा मुंबईला शस्त्रक्रियेसाठी जाण्याच्या विचारात असलेल्या रोह्याच्या रुग्णाला हा निष्कर्ष दिलासा देणारा आहे.

अडचण आहे ती सातत्याची. आठवड्यातून दोन-तीन वेळा उपचारासाठी जावयाचे, तर गावातून येणाऱ्याची तेवढ्या दिवसांची मजुरी बुडते. त्यामुळे बहुतेक जण चार-पाच खेपांनंतर, वेदना जरा कमी होताच, उपचार सोडतात. ताठरता मात्र तशीच राहते. यावर व्यवहार्य मार्ग म्हणजे पहिल्या दोन भेटींतच घरचा व्यायाम पक्का शिकविणे आणि पुढील भेटी विरळ ठेवणे. भिंतीवर खडूने रोजची उंची आखून ठेवली, तर रुग्णाला स्वतःची प्रगती स्वतःच पाहता येते.