जात्यावरील ओव्या (भोर-वेल्हे परिसर)

पहाटे धान्य दळताना स्त्रियांनी रचलेली व म्हटलेली मौखिक गीते. ही गीते महाराष्ट्रात सर्वत्र प्रचलित होती. पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्येकडील भोर व वेल्हे (आता राजगड) या सह्याद्रीलगतच्या तालुक्यांत, म्हणजे हिरडस मावळ, रोहिड खोरे, गुंजण मावळ व कानद मावळ या जुन्या मुलखांत, विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत त्यांचे पद्धतशीर संकलन झाले.

ओवीचा जुना उल्लेख चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या *मानसोल्लास* (सु. ११२९) या ग्रंथात आढळतो. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, असे त्यात म्हटले आहे. *ज्ञानेश्वरी*सारख्या ग्रंथांतील ओवी या लोकछंदातूनच विकसित झाली, असे सामान्यतः मानले जाते.

जात्यावरील ओवी बहुधा दोन ओळींची व स्वयंपूर्ण असते. अक्षरसंख्येचे बंधन तिला नसते. जात्याच्या फेऱ्याची लय आणि ओळींच्या अखेरचे यमक यांनी ती बांधली जाते. ‘बाई’, ‘गं’ यांसारखे शब्द घालून व चरणाचा भाग पुन्हा म्हणून गाणारी ती लयीत बसविते. दोघीजणी समोरासमोर बसून एकच खुंटा धरीत. एकीने ओवी म्हणावी, दुसरीने ती उचलावी आणि मधूनमधून जात्याच्या तोंडात वैरण घालावी, अशी रीत होती.

माहेर, भाऊ, लेक, सासुरवास, पंढरीची वारी आणि सीतेचा वनवास हे ओव्यांचे प्रमुख विषय होत. जात्याला ईश्वर मानून त्याच्यापाशी मन मोकळे केले जाते. घरात इतरत्र जे बोलता येत नसे, ते येथे गाण्याच्या मिषाने बोलता येई. दलित स्त्रियांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर रचलेल्या ओव्यांवरून ही परंपरा समकालीन घटनांचीही दखल घेत होती, हे दिसून येते.

गावोगावी पिठाच्या गिरण्या आल्यावर स्त्रियांचे कष्ट हलके झाले. मात्र गाण्याचे निमित्तही संपले. लग्नात हळद दळण्याच्या विधीपुरते जाते व ओवी एकत्र राहिली. साने गुरुजी, सरोजिनी बाबर आदींनी ओव्यांचे संग्रह पूर्वीच केले होते. पुण्यातील समाजशास्त्रज्ञ गी प्वातवँ (१९३४–२००४) व हेमा राईरकर यांनी १९८० नंतरच्या काळात खेड्यांतील कार्यकर्त्यांच्या साहाय्याने मावळात नवे संकलन आरंभिले. ओवीबरोबर गाणारीचे नाव व गावही नोंदविणे, हे त्याचे वैशिष्ट्य होय. पुढे बर्नार्ड बेल यांनी ध्वनिमुद्रण केले. एक हजाराहून अधिक गावांतील ३,३०२ स्त्रियांच्या एक लाखाहून अधिक ओव्यांचा हा संग्रह २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण भारतविषयक संग्रहालयातर्फे क्रमशः प्रसिद्ध होऊ लागला.

मूळ प्रसंग लोपल्यावर लोकगीताचा वारसा कोणत्या रूपाने टिकतो, याची उत्तरे देशपरत्वे भिन्न आहेत. इंग्लंडमध्ये सेसिल शार्प यांनी १९०३ पासून ग्रामगीते जमविली आणि पुढील पिढ्यांच्या गायकांनी ती मंचावर नेली. एडिंबरो येथे १९६६ मध्ये स्थापन झालेल्या ‘इन्क्रेडिबल स्ट्रिंग बँड’ या समूहाने तर लोकगीताच्या घाटात सतारीसारख्या पौर्वात्य वाद्यांची भर घालून स्वतःच्या नव्या रचना केल्या आणि लोकसंगीताला स्वप्नमय, गूढ वळण दिले. तेथे वारसा नवनिर्मितीतून पुढे गेला. मावळातील ओवी मात्र श्रोत्यांसाठी रचलेली नव्हती. जाते फिरविणारी स्त्री हीच तिची कवयित्री, गायिका व श्रोती असे. त्यामुळे जाते थांबल्यावर तिला दुसरा मंच मिळाला नाही. ध्वनिमुद्रणाने शब्द व चाल सुरक्षित राहिली, तरी नवी ओवी रचण्याची सवय त्यातून परत येत नाही. तथापि ज्या स्त्रियांचा उल्लेख कोणत्याही दप्तरात नव्हता, त्यांचे विचार त्यांच्याच नावानिशी उपलब्ध झाले, हे या संग्रहाचे स्थायी महत्त्व होय.